पिकोलिटरभर शाईची पिचकारी

इंकजेट प्रिंटर सुरू केला की तो लगेच कामाला लागत नाही. आधी आतून खडखड, मग घरघर, मग बारीक टकटक, थोडा वेळ शांतता आणि पुन्हा घरघर. घाईच्या वेळी हा सगळा सोहळा डोक्यात जातो. माझा एक प्रिंटर तीन महिने झाकून पडला होता. बाहेर काढून एक पान छापायला दिलं, तर प्रत्येक ओळीतून आडवी पांढरी रेघ गेलेली. कार्ट्रिज भरलेलं, केबल नीट, कागद कोरडा. शाई होती, पण यायचं नाव घेत नव्हती.

त्या रेघेचं कारण शोधत गेलो तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत राहिली. थेंब फार लहान केला की पाणी आपल्या ओळखीचं राहत नाही. प्रिंटरचे बहुतेक नखरे या लहानपणातूनच येतात.

लहान म्हणजे किती? डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरमधून पडणारा थेंब साधारण मिलिलिटरचा विसावा भाग असतो. इंकजेटचा थेंब पिकोलिटरमध्ये मोजतात. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. घरगुती प्रिंटरचे थेंब साधारण १ ते १० पिकोलिटरचे असतात. ५ पिकोलिटरचा थेंब धरला तर ड्रॉपरच्या एका थेंबातून असे एक कोटी थेंब निघतील. या थेंबाचा व्यास सुमारे २१ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. केसाच्या जाडीत असे तीन थेंब शेजारी शेजारी बसतील.

आता उलटा हिशेब करू. ए-फोर आकाराचं पान एकाच रंगाने पूर्ण भरायचं, इंचाला ६०० टिंबं आडवी आणि ६०० उभी. टिंबांची संख्या होते जवळपास साडेतीन कोटी. प्रत्येकी ५ पिकोलिटर धरून सगळी शाई एकत्र केली तर ती भरते मिलिलिटरच्या पाचव्या भागाहूनही कमी, म्हणजे ड्रॉपरचे साडेतीन थेंब. त्या साडेतीन थेंबांचे साडेतीन कोटी तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा ठरलेल्या जागी नेऊन ठेवायचा, एवढंच प्रिंटरचं काम.

पहिली अडचण अशी की इतक्या लहान भोकातून शाई आपण होऊन बाहेर येत नाही.

शाई गळत का नाही

पाण्याच्या पृष्ठभागावरचे रेणू एकमेकांना धरून असतात आणि पृष्ठभाग होईल तेवढा आवळून घेतात. हाच पृष्ठताण. घागरभर पाण्यात त्याची कुणी दखल घेत नाही, कारण तिथे वजनाचं राज्य असतं. पण थेंब लहान होत गेला की वजन झपाट्याने कमी होतं आणि पृष्ठभाग त्या मानाने सावकाश. व्यास निम्मा केला की वजन आठव्या हिश्शावर येतं, पृष्ठभाग मात्र चौथ्या हिश्शावरच थांबतो. असं करत करत २० मायक्रॉनपर्यंत पोचलं की वजन जवळपास बाद होतं आणि सगळा कारभार पृष्ठताणाच्या हाती जातो.

प्रिंटहेडच्या तळाला शाईची भोकं असतात. त्यांना नोझल म्हणतात, आणि त्यांचा व्यास बहुधा १० ते ३० मायक्रॉन असतो. प्रत्येक नोझलच्या तोंडाशी शाईचा एक ताणलेला पडदा तयार होतो. २० मायक्रॉनच्या नोझलमधला हा पडदा किती दाब सहन करेल याचं गणित सोपं आहे, आणि उत्तर येतं सुमारे ७० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतकं. म्हणजे कागदावरच्या हिशेबात तरी, नोझलच्या डोक्यावर पाऊण मीटरच्या आसपास शाई उभी केली तरी ती खाली पडणार नाही.

प्रत्यक्षात एवढी चैन नसते. नोझलच्या बाहेरची पट्टी एकदा शाईने ओली झाली की पडदा भोकाच्या कडेवरून निसटून पसरतो आणि शाई ठिबकायला लागते. म्हणून कार्ट्रिजच्या आत स्पंज असतो, किंवा स्प्रिंगने ताणलेली पिशवी. काम एकच: शाईला मागे, आतल्या बाजूला किंचित ओढून धरणं. कार्ट्रिजमध्ये शाई नुसती भरून का ठेवत नाहीत, त्यात स्पंज कशाला कोंबतात, याचं उत्तर हे. स्पंज शाई साठवतो हे खरं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो तिला हलक्या हाताने मागे खेचत राहतो.

आता एका बाजूने पडदा शाई अडवतो आणि दुसऱ्या बाजूने स्पंज तिला मागे ओढतो. एवढं सगळं झुगारून थेंबाला बाहेर पडायचं तर आतून जोरदार आणि अचानक धक्का हवा. हळू रेटून उपयोग नाही. हळू रेटलं तर शाईचा फुगा नोझलच्या तोंडाशी लोंबत राहील आणि बाजूला पसरेल. धक्का सेकंदाच्या काही लाखांश भागात बसला पाहिजे. तो द्यायच्या दोन पद्धती रूढ आहेत. एक उकळीची, दुसरी स्फटिकाची.

एका सेकंदात हजारो उकळ्या

पहिल्या पद्धतीची जन्मकथा प्रसिद्ध आहे. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंगची सळई चुकून शाई भरलेल्या इंजेक्शनच्या सुईला टेकली, आणि सुईच्या टोकातून शाई फर्रकन बाहेर उडाली. इचिरो एंडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून बबलजेटची कल्पना उभी केली. थोड्याच काळात अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डमध्ये जॉन व्हॉट आणि इतरही स्वतंत्रपणे त्याच वाटेने निघाले. १९८४ मध्ये त्यांचा थिंकजेट बाजारात आला. त्याच्या प्रिंटहेडला नोझल्स होते फक्त १२. आज हजारांच्या घरातले नोझल्स असलेली हेड्स सर्रास मिळतात.

कल्पना अशी. नोझलच्या मागे शाईची एक इवलीशी खोली, आणि तिच्या भिंतीवर काही दहा मायक्रॉन लांबी-रुंदीचा एक तापक. त्यातून एक-दोन मायक्रोसेकंद वीज सोडायची. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. तेवढ्यात तापकाला टेकलेली शाई ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचते. म्हणजे तापमान चढण्याचा वेग सेकंदाला दहा कोटी अंशांहून जास्त.

इथे क्षणभर थांबायला हवं, कारण या पद्धतीतली खरी गंमत इथे आहे. पाणी तर १०० अंशांना उकळतं, मग शाई ३०० पर्यंत द्रव कशी राहते? पातेल्यात पाणी ठेवलं की बुडबुडे कुठेही उगवत नाहीत. पातेल्याच्या तळाला जिथे ओरखडा असतो, अडकलेली हवा असते, तिथून ते निघतात. बुडबुडा जन्मायला अशी एखादी खोबण लागते, कारण अगदी नवजात बुडबुड्याला पृष्ठताण चिरडून टाकत असतो. प्रिंटरमध्ये मात्र तापमान इतक्या झपाट्याने चढतं की खोबणींतले बुडबुडे वाढायच्या आतच शाई आपल्या सहनशक्तीच्या टोकाला जाऊन पोचते. त्या टोकाला तिला खोबणीची गरजच उरत नाही. तापकाला टेकलेला अख्खा थर एकदम वाफ होतो. ही उकळी नव्हे, छोटा स्फोट आहे. ३०० अंशांच्या पाण्याच्या वाफेचा दाब आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या ८० पटींहून जास्त असतो, यावरून सुरुवातीचा धक्का काय ताकदीचा असेल याचा अंदाज यावा.

इंजिनीअरांच्या दृष्टीने याचा मोठा फायदा म्हणजे शिस्त. पातेल्यातली उकळी लहरी असते, आज इथून बुडबुडा निघेल, उद्या तिथून. स्फोटाला लहर नसते. तेच तापमान, तोच क्षण, तेवढाच थेंब, कोट्यवधी वेळा. पानावरचं प्रत्येक अक्षर या पुनरावृत्तीवर उभं आहे.

प्रत्यक्ष तापणारा शाईचा थर अर्धा-एक मायक्रॉन जाडीचाच असतो. उष्णतेला त्याहून आत शिरायला वेळच मिळत नाही. त्यामुळे बाकीची शाई तशी गारच राहते. बुडबुडा फुगतो, समोरची शाई नोझलमधून बाहेर ढकलतो, आणि वाफ स्वतःच तापकाला शाईपासून तोडून टाकते. उष्णता मिळणं थांबलं की बुडबुडा गार होऊन मिटतो. जन्मापासून मरणापर्यंत त्याचं आयुष्य दहा-वीस मायक्रोसेकंदांचं. मग केशाकर्षणाने मागची शाई आपोआप खोलीत भरते आणि पुढचा थेंब तयार. सेकंदाला दहा हजारांहून जास्त वेळा हे चक्र फिरू शकतं.

आता थोडं विजेचं गणित. ३० मायक्रॉन लांबी-रुंदीच्या तापकाला दोन मायक्रोसेकंदांत दोन मायक्रोज्यूल ऊर्जा दिली असं धरू. ऊर्जा क्षुल्लक आहे. पण इतक्या कमी जागेतून, इतक्या कमी वेळात ती वाहते की दर चौरस मीटरला हिशेब केला तर शंभर कोटी वॉटच्या वर जातो. सूर्याच्या पृष्ठभागातून दर चौरस मीटरला सुमारे सव्वासहा कोटी वॉट बाहेर पडतात. म्हणजे टेबलावरच्या त्या खोक्यात, क्षणापुरता का होईना, सूर्याच्या दहापटीहून जास्त उष्णतेचा लोट असतो. आणि एवढं करून थेंबाच्या वाट्याला किती येतं? त्याच्या वेगात आणि पृष्ठभागात मिळून दहा हजारांत एक-दोन भाग. बाकी सगळी उष्णता. हिशेबाने पाहिलं तर हा तापक आधी शेगडी आहे, पिचकारी नंतर.

या उष्णतेमुळे दोन भानगडी होतात. तापकावर शाईतले पदार्थ करपून थर धरतात. त्याला या धंद्यात कोगेशन म्हणतात. शब्द जपानी ‘कोगे’वरून आला, अर्थ करपलेलं. दूध लागलेल्या पातेल्याची प्रिंटरमधली आवृत्ती म्हणायला हरकत नाही. दुसरी भानगड बुडबुडा मिटतानाची. मिटणाऱ्या बुडबुड्याच्या जागी शाई चारी बाजूंनी धावून येते आणि तापकावर घाव घालते. जहाजाच्या पंख्याची पाती याच प्रकाराने खड्डे पडून झिजतात. म्हणून तापकावर टँटलम या कणखर धातूचं पातळ चिलखत चढवलेलं असतं. शिवाय शाई संपलेली असताना छापत राहिलं तर आणखी वाईट, कारण बाहेर पडणारा थेंब जाता जाता उष्णताही घेऊन जात असतो. थेंबच नाही, तर तापकाला गार कोण करणार?

स्फटिकाची थाप

दुसरी पद्धत थंड डोक्याची. १८८० मध्ये पिएर आणि झाक क्युरी या भावांनी दाखवलं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार येतो. पुढच्याच वर्षी याची उलट बाजूही समोर आली: वीज दिली की तो स्फटिक किंचित आकार बदलतो. याला दाबविद्युत परिणाम म्हणतात, बोलीभाषेत पिझो. शाईच्या खोलीची एक भिंत अशा पदार्थाने हलवायची. तो बहुधा शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडचा सिरॅमिक असतो. वीज बदलली की भिंत हलते, आणि हलते तरी किती, मायक्रॉनचा काही अंश. तेवढी थाप पुरते. एप्सनने १९९३ मध्ये या पद्धतीचे प्रिंटर घराघरांत पोचवले.

पिझोत शाईला तापवावं लागत नाही, त्यामुळे न उकळणारी किंवा उकळल्यावर नासणारी द्रव्यंही चालतात. फरशांवरची नक्षी, कापडावरची छपाई, टीव्हीच्या पडद्यांसाठीचे चमकणारे पदार्थ, काचेच्या पट्टीवर डीएनएचे तुकडे एकेक अक्षर जोडत घडवणं, ही सगळी कामं थेंबांनी होतात, आणि त्यांतल्या बऱ्याच कामांत पिझो हेड असतं.

शिवाय थाप कशी मारायची हे विजेच्या आलेखावर ठरतं. आधी भिंत बाहेर ओढून नोझलमधला पडदा आत घ्यायचा, मग जोरात ढकलायचं, शेवटी उरलेली लाट उलट्या लाटेने शमवायची. आलेख बदलून त्याच नोझलमधून लहान, मध्यम, मोठा थेंब काढता येतो. तबल्यावर एकाच पुडीतून वेगवेगळे बोल काढावेत तसं हे.

पिझोचा वैरी म्हणजे हवा. खोलीत हवेचा बारीकसा बुडबुडा शिरला की सगळी थाप तोच गिळतो. शाई दाबली जात नाही, हवा जाते. भिंत इमानेइतबारे हलत राहते आणि थेंब येत नाही.

हवेतला एक मिलिमीटर

नोझल ते कागद हे अंतर मिलिमीटर-दीड मिलिमीटर. थेंबाचा वेग सेकंदाला ५ ते १० मीटर. प्रवास संपतो सेकंदाच्या पाच-दहा हजाराव्या भागात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने थेंब किती खाली ओढला जाईल? मायक्रॉनचा दहावा भाग वगैरे. थेंब खाली पडत नाही, तो फेकला जातो. प्रिंटहेड आडवं धरलं तरी छपाई होईल. औद्योगिक यंत्रं खोक्यांच्या उभ्या बाजूंवर छापतात ती अशीच.

बाहेर पडताना शाई थेंबाच्या आकाराची नसतेच. पुढे गोल डोकं आणि मागे लांब शेपटी. ही शेपटी पुढे तुटते, आणि तिच्या तुटण्यामागे जुनं विज्ञान आहे. नळाची धार बारीक केली की ती खाली जाऊन थेंबांत फुटते, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बेल्जियमच्या जोसेफ प्लातो यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवलं की द्रवाचा गोल दंड आपल्या परिघाहून लांब झाला की तो टिकत नाही. तुकडे करून गोळे झाले तर पृष्ठभाग कमी होतो, आणि पृष्ठताणाला तेच हवं असतं. प्लातो यांची दृष्टी तोवर गेलेली होती, प्रयोग इतरांच्या डोळ्यांनी चालत. १८७८ मध्ये लॉर्ड रॅले यांनी धारेवरची कोणती लाट सगळ्यांत वेगाने वाढते ते गणिताने काढलं: धारेच्या व्यासाच्या सुमारे साडेचारपट लांबीची.

बाटलीवर ठिपक्याठिपक्यांनी छापलेली मुदतीची तारीख आठवा. ती बहुधा रॅले यांच्या गणिताने छापलेली असते. तिथे थेंब मागणीनुसार काढत नाहीत. सलग धार सोडतात, तिला ठरावीक कंप देतात, त्यामुळे सेकंदाला लाखाच्या आसपास एकसारखे थेंब पडतात. हवे त्या थेंबांना विद्युतभार देऊन वळवायचं, बाकीचे पन्हळीत पडून परत टाकीत. १९६०च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये रिचर्ड स्वीट यांनी हे घडवलं. त्याआधी १९५१ मध्ये रुने एल्मक्विस्ट यांनी शाईच्या धारेने आलेख काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. पुढे शरीरात बसवायचा पहिला पेसमेकर बनवणारे ते हेच.

घरच्या प्रिंटरमध्ये शेपटी तुटली की तिचा बराचसा भाग डोक्यात सामावतो, आणि थेंब काही दहा मायक्रोसेकंदांत गोल होतो. पण कधी शेपटीचे उपथेंब होतात. ते मागे राहतात आणि अक्षराच्या कडेला पिसासारखी घाण करतात. काही इतके बारीक असतात की हवाच त्यांना अडवते. ५ मायक्रॉनचा थेंब जेमतेम अर्धा मिलिमीटर जाऊन दम तोडतो आणि धुकं होऊन आत तरंगत राहतो. जुन्या प्रिंटरच्या पोटात सगळीकडे शाईची भुकटी बसलेली दिसते, त्यात या धुक्याचा वाटा असतो. कागद हेडच्या इतक्या जवळ ठेवावा लागतो त्याचं कारणही हवाच.

शाई पातळ असेल तर उपथेंब फार, दाट असेल तर थेंब सुटतच नाही. हा तोल दाटपणा, पृष्ठताण, घनता आणि नोझलचा व्यास मिळून ठरवतात. त्यांना एकत्र बांधणारी संख्या जर्मनीचे वोल्फगांग फॉन ओनेसोर्ग यांच्या १९३६च्या कामातून आली, आणि शाई बनवणारे आजही सगळ्यांत आधी तीच काढून पाहतात. साधं पाणी भरून पाहिलं तर चांगलं छापत नाही, कारण त्याचा पृष्ठताण शाईच्या दुप्पट आणि दाटपणा कमी.

हे सगळं पाहतात कसं, हाही मजेचा भाग आहे. इतक्या वेगाचं सलग चित्रण कठीण. त्याऐवजी थेंब सुटल्यावर ठरावीक मायक्रोसेकंदांनी दिवा लुकलुकवतात आणि फोटो घेतात. पुढच्या थेंबाला दिवा थोडा उशिरा. थेंबाच्या उड्डाणाची म्हणून दाखवलेली फिल्म खरं तर हजारो वेगवेगळ्या थेंबांच्या फोटोंची माळ असते. सगळे थेंब एकाच साच्यातले असतात म्हणून ही लबाडी खपून जाते.

नेम धरण्याचा प्रश्न वेगळाच. हेड आडवं धावत असतं आणि थेंबालाही तो आडवा वेग मिळतो, चालत्या गाडीतून फेकलेल्या दगडासारखा. हेड सेकंदाला १ मीटर धावत असेल, थेंब ८ मीटरने निघाला असेल आणि कागद दीड मिलिमीटरवर असेल, तर थेंब सुटल्या जागेपासून जवळपास ०.१९ मिलिमीटर पुढे पडतो. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० टिंबं असताना, दोन टिंबांतलं अंतर असतं ०.०४२ मिलिमीटर. म्हणजे चूक चार टिंबांहून मोठी. परतीच्या फेरीत ती उलट दिशेला. त्यामुळे प्रिंटर प्रत्येक थेंब जागेच्या आधीच सोडतो, आणि किती आधी ते अलाइनमेंटच्या पानावरच्या रेघांवरून ठरवतो. हेडमागे एक पारदर्शक पट्टी ताणलेली असते, तिच्यावर अतिबारीक उभ्या रेघा. त्या मोजत हेड स्वतःची जागा ओळखतं. पट्टीवर शाईचा किंवा ग्रीसचा डाग पडला की हेड चाचपडतं, कडेला जाऊन धडकतं, आणि आपण मोटर गेली म्हणून डोक्याला हात लावतो. ओलसर मऊ फडक्याने ती पट्टी हलकेच पुसून पाहावी.

कागदावर पडल्यावर

साध्या कागदावर थेंब पडला की तंतूंच्या सांदीसांदीतून शाई पळते आणि अक्षराला मिशा फुटतात. १० पिकोलिटरचा, म्हणजे २७ मायक्रॉनचा थेंब ५०-६० मायक्रॉनचं टिंब करून बसतो. फोटो कागदावर सिलिका किंवा ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा सच्छिद्र थर असतो. तो शाईला आडवं पळू न देता जागच्या जागी उभी खाली शोषून घेतो. फोटो कागदाला जास्त पैसे पडतात ते बरेचसे या थराचे.

काळ्या शाईत बहुधा रंगद्रव्य असतं, म्हणजे काजळीचे सुमारे १०० नॅनोमीटरचे, मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढे कण. ते कागदाच्या वरच अडकतात म्हणून मजकूर ठसठशीत येतो. रंगीत शाईत विरघळलेलं रंजक असेल तर रंग तजेलदार, पण पाणी लागलं की ओघळतो.

थेंब वाळतानाही शेवटचा डाव खेळतो. चहाचा डाग कडेला गडद आणि मध्ये फिका का असतो, याचं उत्तर रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दिलं. कड जागेला चिकटलेली असते आणि तिथलं पाणी लवकर उडतं, ती तूट भरायला मधला द्रव कडेकडे वाहतो आणि कण तिथे नेऊन टाकतो. शोषून घेणाऱ्या कागदावर हा त्रास कमी. काचेवर किंवा प्लास्टिकवर छापणाऱ्यांना मात्र त्यासाठी शाईत वेगवेगळी द्रावकं मिसळून झगडावं लागतं.

पिकदाणी

आता पांढऱ्या रेघेकडे. नोझलच्या तोंडाशी शाई उघड्या हवेला भिडलेली असते, आणि तिथे शाई असते काही पिकोलिटर. तेवढ्यातलं पाणी उडून जायला काही सेकंद पुरतात. पाणी उडालं की उरलेली शाई दाट होते, मग चिकट, मग बुच. शाईत ग्लिसरॉल किंवा ग्लायकॉल घालतात ते ओल धरून ठेवण्यासाठी, पण त्यालाही मर्यादा आहेत.

म्हणून छापताना जे नोझल्स बराच वेळ वापरात नसतात, त्यांना प्रिंटर मध्येच कडेला नेऊन दोन-चार थेंब थुंकायला लावतो. त्या जागेला हे यंत्र घडवणारे लोक इंग्रजीत चक्क पिकदाणी म्हणतात. काम संपलं की हेड एका कोपऱ्यात जातं आणि रबराची टोपी खालून येऊन नोझल्स झाकते. प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करू नये, त्याच्याच बटणाने करावा, असं सांगतात ते यासाठी. मध्येच वीज तोडली तर टोपी न घालताच हेड उघडं राहतं.

सुरू करतानाची ती घरघर म्हणजे टोपीखालच्या पंपाने नोझल्समधून शाई ओढून काढणं. टकटक म्हणजे थुंकणं. खडखडीत रबराची पट्टी नोझल्सवरून फिरून बाहेरचा ओलावा पुसते, नाही तर पडदा पसरतो आणि थेंब वाकडे उडतात. ही काढलेली शाई जाते प्रिंटरच्या तळाशी ठेवलेल्या जाड शोषक गादीत. किती शाई तिकडे गेली ते बरेच प्रिंटर थेंबांच्या हिशेबाने मोजत राहतात आणि आकडा भरला की गादी बदलेपर्यंत काम थांबवतात.

माझ्या प्रिंटरला हेड क्लीनिंगची एक फेरी दिली, रेघ अर्ध्यावर आली. लागोपाठ दुसरी न देता रात्रभर तसाच ठेवला, म्हणजे नव्या शाईतल्या पाण्याने जुनं बुच भिजावं. सकाळी दुसऱ्या फेरीला रेघ गेली. तपासणीच्या पानावरच्या काळ्या जाळीत मात्र अजून एक बारीक तुकडा गायब दिसतो. एक नोझल काही उघडलं नाही. शेजारचे नोझल्स पुढच्या फेरीत त्याची जागा भरून काढतात, त्यामुळे मजकुरात ते कळत नाही.